मूकपटाला साथ करायचीय? पेटीआधी गोष्टीचं बघा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाकडून प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला 'मार्तंड वर्मा' हा १९३३ सालचा मूकपट दाखवायचा आहे. तो कादंबरीवरून केलेला, म्हणून वाचनालयाच्या कार्यक्रमाला शोभेल असं मंडळींना वाटतं. गावात भजनी मंडळ आहे. पेटी, तबला, घुमट (आमच्याकडचं मातीच्या घटाला चामडं चढवलेलं तालवाद्य), झांजा सगळं आहे. विचारलंय ते एवढंच, की कुठल्या प्रसंगाला कुठला राग वाजवावा, आणि ते जमलं नाही तर पडद्यामागून तयार संगीत लावलं तर चालेल का.

मी फोंड्याच्या बाजूला वीसेक वर्षं पेटी वाजवतोय. जात्रेतली नाटकं, कीर्तनाची साथ, घरगुती भजनं. मधेच कधीतरी मूकपटांना साथ करायचा नाद लागला तो सुटला नाही. त्या अनुभवावर सांगतो. आधी हे कबूल करतो की अर्धीअधिक उत्तरं तुमच्या सभागृहावर, हाती येणाऱ्या प्रतीवर आणि वादकांना किती तालमींना वेळ आहे यावर ठरतील. पण रागाचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात, तो मी शेवटी घेणार आहे. कारण तुमची खरी अडचण राग नाही. लोकांना गोष्ट माहीत नाही, ही अडचण आहे.

हे मला ठेच लागून कळलं. पहिल्यांदा मी साथ केली ती फाळक्यांच्या 'कालियामर्दन'ला (१९१९), देवळाच्या सभामंडपात. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी चेहऱ्याचे निरनिराळे भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होऊन समोर येते. एवढं दिसलं आणि मंडपाने चित्रपट माझ्या हातातून काढून घेतला. पोरं ओरडत होती, "पळय, आतां उडी मारतलो!" बायकांनी माझ्या सुरात गवळण उचलली. मला वाटलं, काय सुंदर साथ केली आपण! दोन वर्षांनी एका परदेशी कादंबरीवरचा मूकपट आला. त्याच तोऱ्यात बसलो, वीसेक चाली बांधून नेल्या होत्या. अर्धा तास झाला असेल, पुढच्या रांगेतल्या आजीने शेजारणीला विचारलं, "हो कोण? आनी हो तिचो कोण?" शेजारणीला ठाऊक नव्हतं. मागे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मात्र मन लावून विरह वाजवत होतो, आणि विरह कुणाचा याचा पत्ता नव्हता.

पौराणिक मूकपटाची गोष्ट प्रेक्षक घरून घेऊन येतो. कादंबरीवरच्या मूकपटाची गोष्ट फक्त ती कादंबरी वाचलेला घेऊन येतो. आपल्याकडे बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' केला तो हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'वरून. तो आज पाहायला मिळत नाही. पण मिळाला असता तरी तुमच्या गावात कुणाला तानाजी कोण हे सांगावं लागलं नसतं. 'मार्तंड वर्मा'चं तसंच आहे, फक्त तिकडे केरळात. सी. व्ही. रामन पिळ्ळांची कादंबरी १८९१ साली आली, मल्याळममधली ती पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात. चित्रपट काढणाऱ्यांनी गृहीत धरलं की समोरचा माणूस त्रावणकोरचा इतिहास आणि ही कादंबरी दोन्ही कोळून प्यालेला आहे. त्यामुळे अनेक गोष्टी पडद्यावर कुणी समजावून सांगत नाही.

त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही आधी सांगितली नाहीत तर अख्खा चित्रपट उलटा समजेल. त्रावणकोरच्या गादीवर राजाचा मुलगा बसत नसे, बहिणीचा मुलगा बसत असे. म्हणजे मार्तंड वर्मा हा खरा वारस, आणि राजाची पोटची मुलं, ज्यांना थंपी म्हणतात, ती गादी बळकावू पाहणारी. मराठी माणसाच्या डोक्यात हे बरोबर विरुद्ध बसलेलं असतं. आपल्याला राजाचा मुलगा म्हणजे वारस, आणि मामा म्हटला की पहिला कंस आठवतो. हा एक धागा न सांगता चित्रपट लावलात तर तुमचं निम्मं सभागृह थंपींच्या बाजूने टाळ्या वाजवेल, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

म्हणून माझा सल्ला असा की पेटीवाल्याच्या आधी सांगणारा माणूस शोधा. कीर्तनात पूर्वरंग असतो तसा आठ-दहा मिनिटांचा पूर्वरंग करा आणि मग दिवे घालवा. ही काही नवी क्लृप्ती नाही. जपानात मूकपटाशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी असत, लोक त्यांचं नाव बघून तिकीट काढत. आपल्याकडेही पाट्या, म्हणजे पडद्यावर मधेमधे येणारा मजकूर, वाचता येणारा माणूस शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. गोव्यात कीर्तन अजून जिवंत आहे, हे तुमचं भांडवल. शिक्षक नको. शिक्षक कादंबरीचं महत्त्व सांगत बसतात. आख्यान लावणारा माणूस घ्या, किंवा नाटकात काम करणारा, ज्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत माइकशिवाय जातो.

पूर्वरंगात काय सांगायचं? मी असं सांगेन: "गोष्ट साधारण तीनशे वर्षांपूर्वीची, केरळच्या दक्षिण टोकाची. तिथला कायदा आपल्यापेक्षा वेगळा. मामाची गादी भाच्याला. राजे रामवर्मा थकले आहेत. भाचा मार्तंड वर्मा युवराज आहे, पण त्याच्या जिवावर दोघं टपलेत. एक राजाची मुलं, थंपी. दुसरे आठ घराण्यांचे सरदार, पिळ्ळमार. युवराज रानावनातून जीव वाचवत फिरतोय. अनंतपद्मनाभन नावाचा एक तरुण मेला असं सगळे समजतात. पारुकुट्टी त्याची वाट बघतेय. आणि सुभद्रा नावाची एक बाई आहे, तिच्यावर लक्ष ठेवा." बस, एवढंच. सुभद्रेचं पुढे काय होतं ते सांगायचं नाही. मार्तंड वर्माने पुढे १७४१ साली कोळच्चलला डच लोकांचा पराभव केला, हे सांगायचा मोह सांगणाऱ्याला हमखास होईल. तो आवरायला लावा. ती कादंबरीनंतरची हकीकत आहे, आणि ती ऐकली की लोक दोन तास डचांची वाट बघत बसतील.

वेषांतराचा एक पेच आहे. कादंबरीत वेडा चान्नान म्हणून एक पात्र फिरतं, आणि तो खरा कोण हे लेखक बराच काळ झाकून ठेवू शकतो, कारण वाचकाला नुसतं नाव दिसतं. पडद्यावर चेहरा दिसतो. वर जुन्या प्रतीत चेहरे इतके पांढुरके झालेले असतात की उघड असलेलंही ओळखू येत नाही. मग सांगणाऱ्याने गुपित कधी फोडायचं? मी आधी फोडत नाही, पण तो पडद्यावर आला की नुसतं "वेडा चान्नान" म्हणून थांबतो आणि तिथे एक ठराविक चार सुरांची चाल वाजवतो. तीच चाल अनंतपद्मनाभनच्या आधीच्या प्रसंगाला वाजवलेली असते. हुशार प्रेक्षकाच्या कानाला कळतं. बाकीच्यांना नंतर कळलं की मजा येते. आपल्या दशावताराला बसणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

आता पाट्या. या चित्रपटाच्या पाट्या इंग्रजी आणि मल्याळममध्ये आहेत, काही मजकूर कादंबरीतूनच उचललेला आहे. त्याचं मराठी करताना शब्दाला शब्द लावू नका. पाटी पडद्यावर जितका वेळ राहते तितक्या वेळात आरामात वाचून, वर एक श्वास शिल्लक राहील असं वाक्य हवं. माझी रीत सांगतो. वहीत प्रत्येक पाटीला क्रमांक घालतो, शेजारी ती किती सेकंद राहते ते लिहितो, आणि वाक्य बसेपर्यंत कापतो. पाच सेकंदांच्या पाटीला आठ-नऊ शब्दांच्या वर जायचं नाही. स्वदेशीच्या चळवळीचा वास काही पाट्यांना आहे. काळच तो होता. तो वास मराठीत जपा, पण त्यावर वेगळं भाषण नको. सांगणारा वाचत असताना पेटी खाली. पूर्ण बंद नाही, नुसता षड्ज धरून. हे वादकांना सांगून कळत नाही, तालमीत हात धरून थांबवावं लागतं.

वाचणाऱ्यासाठी बॅटरीचा छोटा दिवा घ्या आणि त्याला वरून पुठ्ठ्याचं झाकण करा. नाहीतर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा डाग पडतो आणि सगळे त्या डागाकडे बघत बसतात.

गतीचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तिथेच बहुतेकांची फजिती होते. मूकपट हाताने हॅंडल फिरवून टिपायचे. सेकंदाला १६ चित्रं, १८, कधी २२, कॅमेरावाल्याच्या हातावर. बोलपट आल्यावर २४ पक्कं झालं. हजार फुटांचं एक रीळ १६च्या गतीने सोळा-सतरा मिनिटं चालतं, १८च्या गतीने पंधरा, आणि २४ने अकराच. आता डिजिटल प्रत करताना कुणी विचार न करता २४ने केली असेल तर राजे-सरदार चाबी दिलेल्या बाहुल्यांसारखे धावतात. एकदा आमच्या कार्यक्रमात असंच झालं. नायिकेच्या मरणाला सभागृह खदखदून हसलं आणि मी बसलोय पेटीवर करुण सूर धरून. लोकांना बोल लावून काय उपयोग? तुरुतुरु धावत मरणाऱ्या बाईला कोण रडेल!

प्रत हाती आली की पाच मिनिटं आवाज बंद करून बघा. माणूस पायऱ्या उतरतो तो तुमच्या-माझ्यासारखा उतरतो का? खांद्यावरचा शेला पडतो तो पडतो की फेकल्यासारखा जातो? घाई वाटली तर संगणकावर गती ०.७५ करून बघा. २४ची १८ झाली. बरेचदा तेवढंच पुरतं. पण काही प्रतींत मधली चित्रं दोनदा छापून गती आधीच सुधारलेली असते, ती आणखी हळू केलीत तर पाण्याखाली चालल्यासारखं दिसेल. आणि लढाया हळू करू नका. त्या मुद्दाम हॅंडल हळू फिरवून टिपत, म्हणजे पडद्यावर तलवार चपळ दिसावी. जमलं तर लढाईपुरती गती वेगळी ठेवा, नाहीतर मधली एक धरा आणि सोडून द्या. नेमकी गती एकच असते असं मानून वाद घालणारे भेटतील, त्यांना चहा द्या.

चित्रपटात कुठे उडी आली, प्रसंग तुटला, तर दिग्दर्शकावर घसरू नका. पी. व्ही. राव यांनी केलेला आणि सुंदर राज यांनी काढलेला हा चित्रपट आपल्यापर्यंत आला हेच नवल. कादंबरीचे हक्क कमलालय बुक डेपो या प्रकाशकाकडे होते. परवानगीवरून खटला झाला आणि तिरुवनंतपुरमला थोडेच खेळ होऊन चित्रपट उतरवावा लागला. निर्मात्याचं वाटोळं झालं. पण बघा कसं असतं. जे मूकपट गावोगाव फिरले त्यांच्या प्रती झिजल्या, जळल्या, कुजल्या. नायट्रेटची फिल्म पेट घेणारी, आणि तिच्यातली चांदी काढायला कितीतरी रिळं धुतली गेली. हा मात्र भांडणात अडकून प्रकाशकाकडे पडून राहिला, आणि १९७४ साली पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोचला. पूर्वरंगात डचांऐवजी हे सांगा. वाचनालयाच्या लोकांना हे जास्त लागेल. पुस्तकाच्या हक्काने चित्रपट मेला आणि त्याच हक्काने वाचला.

प्रत कुठून, याचं उत्तर त्यात आलंच. नेटवर सापडलेल्या पुसट तुकड्यावर वर्धापनदिन काढू नका. पुण्याच्या संग्रहालयाला, जे आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) छत्राखाली आहे, वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र लिहा. त्यात चार गोष्टी विचारा: दाखवायला कुठली प्रत मिळेल, तिची लांबी मिनिटांत किती, ती कोणत्या गतीने केली आहे, आणि पाट्या वाचता येतात का. भारतीय कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, ती मुदत या चित्रपटाची केव्हाच सरली. पण प्रत ज्यांनी सांभाळली त्यांच्या अटी असतात आणि त्या पाळायच्या. वेळ हाताशी ठेवा. पत्र गेल्या आठवड्यात टाकून पुढच्या आठवड्यात कार्यक्रम असं होत नाही.

आता एकदाचे राग. प्रसंगाला राग लावायचाच नाही. माणसाला चाल लावायची. युवराजाची एक, थंपींची एक, सुभद्रेची एक, आणि ती चार सुरांची अनंतपद्मनाभनची. चार चाली पुरे झाल्या. चित्रपटभर त्याच फिरवायच्या. कधी संथ, कधी एकट्या पेटीवर, कधी नुसत्या तबल्याच्या ठेक्यात इशारा म्हणून. वादकांना वाटतं आपलं सगळं भांडार दाखवावं. प्रेक्षकाला ओळखीचा सूर परत भेटला की गोष्ट समजते. शेवटी चालही सांगणारीच झाली की!

सबंध चित्रपट एकाच पट्टीत वाजवा. मधे पट्टी बदलली की श्रुतीपेटी लावा, तबला उतरवा-चढवा, आणि पडदा तुमच्यासाठी थांबत नाही. सुभद्रेसाठी मी शिवरंजनी वाजवतो, पण तुमच्या पेटीवाल्याच्या हाताला भीमपलास गोड असेल तर तोच घ्या, त्यावरून अडून बसू नका. दोन पथ्यं मात्र पाळा. ओळखीच्या नाट्यपदाची चाल घेऊ नका. आपल्या गावांत दुसऱ्या ओळीला कुणीतरी शब्द म्हणायला लागतो, आणि मग पडदा कोण बघतो? दुसरं, भैरवी, म्हणजे मैफल संपवताना गातात तो राग, शेवटच्या पाच मिनिटांआधी काढायची नाही. एकदा मी मध्यंतरानंतर एका दुःखाच्या प्रसंगाला काढली. चार म्हातारे चपला शोधायला उठले.

घुमट आहे म्हणालात, उत्तम. पण घुमट राखून ठेवा. लढाई आणि पाठलाग, एवढ्यालाच. पहिल्या प्रसंगापासून घुमट लावला तर चवथीची आरती चालू आहे असं वाटतं, आणि खरी लढाई आली की हातात काही उरत नाही. तलवारीच्या प्रत्येक घावाला थाप मारायचा हट्टही नको. दहातले चार चुकतात आणि चुकलेलेच दिसतात. लढाईखाली लय धरून ठेवायची आणि कुणी पडला की तोडायची.

तो तोडलेला भाग, ती शांतता, तालमीत नक्की करा. दोन तासांत निदान पाच-सहा जागा अशा हव्यात की कुणीच काही वाजवत नाही. वादकांना याची भीती वाटते, लोकांना वाटेल आपण विसरलो. पहिल्या दहा सेकंदांनंतर ती भीती जाते.

बसायची जागा: पेटीवाला आणि तबलजी दोघांनाही मान न वळवता पडदा दिसला पाहिजे. म्हणजे पाठ अर्धी लोकांकडे. भजनी मंडळींना हे अवघड जातं, त्यांना लोकांकडे तोंड करायची सवय. समजवा. तालमी निदान तीन. पहिली नुसती बघायची, वाद्याला हात लावायचा नाही. दुसरी सांगणाऱ्याबरोबर. तिसरी त्याच सभागृहात, त्याच प्रोजेक्टरवर, पंखे चालू ठेवून, कारण पंख्याच्या घरघरीत पेटीचा मंद्र सप्तक कुठे जातो ते तिथेच कळतं.

तयार संगीत लावावं का? लावता येतं. कुणाच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क कुणाकडे ते बघावं लागेल, आणि गती बदललीत तर ते संगीत पडद्याशी जुळणार नाही. पण वादक अगदीच मिळाले नाहीत तर नुसता सांगणारा आणि श्रुतीपेटीचा षड्ज एवढ्यावर कार्यक्रम करा. मी असे दोन केलेत, चांगले झाले. सांगणारा नाही आणि संगीत भरपूर, असा कार्यक्रम मात्र करू नका.

राहता राहिली तारीख. वर्धापनदिन श्रावणात असेल आणि तुमच्या सभागृहाला पत्रे असतील, तर दिवस साजरा करा, दिवा लावा, पेढे वाटा, आणि चित्रपट तुळशीच्या लग्नानंतर ठेवा. सत्तरीच्या पावसात पत्र्याखाली पेटीच काय, घुमटही ऐकू यायचा नाही.